तुम्ही लिहीत होतात

काचेची नळी दोन-तृतीयांश भरायची, तळाशी धरून तिरकी करायची आणि फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. पांढुरका ढग दिसला की ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब सोडायचे. ढग विरला तर ते फॉस्फेट, काळजीचं कारण नाही. ढग तसाच राहिला तर लघवीतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, जातंय. रंग बदलणाऱ्या पट्ट्या हाताशी येण्याआधी गरोदर बाईची लघवी आम्ही अशी तपासायचो.

1991 च्या श्रावणात, बडोद्यापासून एसटीने दीड तासावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, अशाच एका नळीतला ढग विरला नाही. लॅबवाल्या भाईंनी रजिस्टरात '++' लिहिलं, तेच एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी त्या बाईच्याच हातात देऊन तिला म्हणाले, डॉक्टरबेनला दाखव. बाईला वाचता येत नव्हतं. माझ्या दाराशी चाळीसेक माणसं उभी होती, आभाळ भरून आलं होतं, घरी तिची दोन लहान मुलं होती. तिने चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली आणि ती निघून गेली.

रात्री तिला झटके आले. ट्रॅक्टरवर खाट टाकून तिला आणलं तेव्हा दातांत जीभ अडकलेली होती आणि ओठांच्या कडेला रक्त सुकलं होतं. तेव्हा आमच्या कपाटात झटक्यांवर डायझेपामच असायचं. मॅग्नेशियम सल्फेट त्याहून सरस ठरतं हे दाखवणारा मोठा अभ्यास, ज्यात भारतही होता, तो 1995 चा. मी इंजेक्शन दिलं, केंद्राच्या जीपमध्ये तिच्या उशाशी बसले आणि पावसातून शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला पोचवलं. बाई वाचली. मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी मी एकेकाला विचारत सुटले. नर्सबेननी आठ दिवसांपूर्वी गावात तिचं ब्लडप्रेशर मोजलं होतं, 140/100, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. मी कार्ड पाहिलं होतं, पण पुढची बाजू, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखांसाठी. कंपाउंडरकाकांनी तिला लोहाच्या गोळ्या देताना पाहिलं होतं की बोटं सुजलीत आणि बांगड्या मनगटात रुतल्यात. लॅबवाल्या भाईंचा ढग होताच. प्रत्येकाने मान खाली घालून जवळजवळ एकच वाक्य म्हटलं: "मने एम के तमने खबर हशे." मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

शेवटी आयाबेन. तिने त्या बाईला पायरीवर डोकं धरून बसलेलं पाहिलं होतं. काय होतंय म्हणून विचारलंही होतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, असं बाई तिला म्हणाली होती. म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आमच्यापैकी फक्त केर काढणाऱ्या बाईला कळली होती. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती दारापर्यंत आली होती. मला आठवतही नव्हतं.

"कहेवानी हती, बेन. पण तमे लखतां हतां."

सांगणार होते. पण तुम्ही लिहीत होतात.

या वाक्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. मी त्या दिवशी काय लिहीत होते तेही सांगते. महिनाअखेरचा अहवाल होता, कुटुंबनियोजनाचे आकडे. रांग तपासता तपासता मधल्या मधल्या मिनिटांत मी रकाने भरत होते.

सुरुवातीला मला राग आला होता, तो त्यांचा. माझा मला यायला बरेच दिवस लागले. गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब मी कॉलेजात तीनदा शिकले होते, स्त्रीरोगात, मेडिसिनमध्ये आणि पॅथॉलॉजीत. पण ब्लडप्रेशर एकीच्या वहीत, अल्ब्युमिन दुसऱ्याच्या नळीत, सूज तिसऱ्याच्या डोळ्यांत आणि अंधारी चौथीच्या कानात असेल, तर हे चारही एका टेबलावर आणायचं कसं, हे कुणी शिकवलं नव्हतं. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, पुस्तकात 'हेल्थ टीम'वर एक परिच्छेद होता, मधे वर्तुळात डॉक्टर आणि भोवती बाकीचे. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या अल्मा-आता परिषदेची तारीख आम्ही पाठ केली होती: सप्टेंबर 1978, 134 देश. त्या घोषणेतच स्पष्ट म्हटलंय की डॉक्टर, नर्स, सुईणी, मदतनीस, गावातले कार्यकर्ते, सगळ्यांना आरोग्याची एक टीम म्हणून काम करता येईल असं शिक्षण द्यावं, तांत्रिक आणि सामाजिकही. मी परीक्षेत ते लिहिलं असणार. मार्कही मिळाले असतील.

सामाजिक शिक्षण म्हणजे काय, हे मला एका बाकड्याने शिकवलं.

त्या घटनेनंतर मी रोज सकाळी रांग सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र उभं करायला लागले. ड्रायव्हर, वॉर्डबॉय, आयाबेन, सगळे. काल काय पाहिलं ते सांगा, म्हणायची. पहिले तीन आठवडे कुणी काही बोललं नाही. "बधुं बराबर छे, बेन." सगळं ठीक आहे. नर्सबेन आकडे वाचून दाखवायच्या, काका गोळ्यांचा साठा सांगायचे आणि सगळे मी कधी 'चला' म्हणते याची वाट पाहायचे. मला वाटायला लागलं होतं की हे बंदच करावं.

मग एक दिवस आयाबेन म्हणाली की बाहेरचं बाकडं उन्हात येतं, पोटुशा बायका तिथे बसत नाहीत, भिंतीशी उभ्या राहतात आणि कंटाळून जातात. मी तेव्हाच वॉर्डबॉयला घेऊन ते बाकडं उचललं आणि लिंबाखाली ठेवलं. पाच मिनिटांचं काम. जड होतं, सागवानी, माझ्या तळहातात कूस गेली. दुसऱ्या दिवशी आयाबेननी दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक अशी की लांबच्या वस्तीवरची एक बाई गेल्या दोन्ही वेळी इंजेक्शनाला आली नाही, कारण तिच्या सासूला कुणीतरी भलतंसलतं सांगितलंय. आमच्या रजिस्टरात त्या बाईपुढे नुसती फुली होती.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. माणसं मोठी गोष्ट एकदम सांगत नाहीत. आधी बाकडं सांगतात. त्या बाकड्याचं तुम्ही काय करता ते पाहतात आणि मग डोळ्यांपुढच्या अंधारीबद्दल बोलतात. संकटाच्या रात्री बोलायला धीर हवा असेल, तर साध्या सकाळी बोलायची सवय लागलेली असावी लागते. ती सवय लावायची जबाबदारी ज्याच्या हातात पेन आहे त्याची.

कंपाउंडरकाका माझ्यासारखेच मराठी, रावपुऱ्यातले. मी दांडिया बाजारातली. आठवडाभर आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि शनिवारी दुपारच्या एसटीने बडोद्याला परतायचो. केंद्रात आम्ही एकमेकांशी गुजरातीतच बोलायचो, बाकीच्यांना परकं वाटू नये म्हणून. मराठी सुरू व्हायची ती बसमध्ये. मी त्यांना काका म्हणायची, ते मला 'डॉक्टर, तुम्ही'. वडिलांच्या वयाचा माणूस, पण अहो-जाहोतून कधी खाली उतरले नाहीत.

बाकड्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, असाच एक शनिवार. बस खड्ड्यांतून चालली होती. काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "डॉक्टर, एक सांगू का? मागल्या मलेरियाच्या दिवसांत तुम्ही एका पोराला क्लोरोक्वीनची अख्खी गोळी लिहिली होती. पोर आठ किलोचं होतं. मी अर्धीच दिली."

क्लोरोक्वीनचा पहिला डोस किलोमागे दहा मिलिग्रॅम, गोळी दीडशेची. आठ किलोला अर्धी गोळीच. क्लोरोक्वीन लहान मुलाला जास्त झालं तर हृदयावर जातं, हे मला चांगलं माहीत होतं. मी गप्प झाले. मग विचारलं, असं किती वेळा झालंय? "फार नाही," ते म्हणाले. "महिन्याला एखाद-दुसरं. सगळ्याच डॉक्टरांचं होतं, रांग असते ना. आम्ही सांभाळून घेतो."

आम्ही सांभाळून घेतो. या शब्दांत किती माया आहे, ते मला तेव्हाही कळलं आणि आजही कळतं. पण त्या मायेने मी दीड वर्ष माझ्याच चुकांबद्दल अडाणी राहिले. काका रजेवर गेले आणि त्यांच्या जागी नवा माणूस आला, तर ती अख्खी गोळी पोराच्या पोटात जाणार होती. टीम चांगली आहे असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ही मूक दुरुस्तीच चालू असते. वरचा चुकतो, खालचा निस्तरतो, आणि वरच्याला आपण कधी चुकलोच नाही असं वाटत राहतं. मी काकांना म्हटलं, यापुढे दुरुस्त करा, पण चिठ्ठी माझ्याकडे परत पाठवा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कारेलीबागेच्या आसपास म्हणाले, "पेशंटसमोर?" मी म्हटलं, "पेशंटसमोर."

अवघड होतं ते. पहिल्यांदा चिठ्ठी परत आली तेव्हा माझे कान तापले. समोरची बाई माझ्याकडे बघत होती. मी चिठ्ठी दुरुस्त केली आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात थँक्यू म्हटलं. त्या बाईचा माझ्यावरचा विश्वास कमी झाला का? ती पुढच्या महिन्यात नणंदेला घेऊन आली, एवढंच मी सांगू शकते.

पुढे माझी बदली होत होत मी प्रशिक्षणाच्या कामात आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. तेव्हा लक्षात आलं की केंद्रात जे जोडायला आम्हाला वर्ष लागलं, ते आपण आधी शिक्षणातच तोडलेलं असतं. एमबीबीएसची मुलं एका इमारतीत, नर्सिंगच्या मुली दुसऱ्या, फार्मसी शहराच्या वेगळ्याच टोकाला, एएनएमच्या, म्हणजे पुढे गावोगावी नर्सबेन होणाऱ्या, मुलींचं वसतिगृह आणखी कुठेतरी. चार-पाच वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत आणि मग एक दिवस एका केंद्रात येऊन पडतात आणि आपण त्यांना म्हणतो, टीम व्हा. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 च्या आराखड्यात एकत्र शिक्षणाची व्याख्या दिली आहे: दोन किंवा अधिक पेशांचे विद्यार्थी जेव्हा एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात. तीन साधी शब्दयोगी अव्ययं आहेत, पण मधलं सगळ्यात जड. एकमेकांविषयी शिकायला एक व्याख्यान पुरतं, सोबत शिकायला एक मोठी खोली पुरते. एकमेकांकडून शिकायचं तर आधी मान्य करावं लागतं की समोरचीला असं काही येतं जे मला येत नाही.

इंटर्न मुलं आमच्याकडे यायची तेव्हा मी त्यांना पहिल्या दिवशी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवायला सांगायची आणि आशाबेनची, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीची, पिशवी उचलून तिच्यासोबत दिवसभर फिरायला पाठवायची. मुलं कुरकुरायची. त्यांची कुरकुर मला खोटी वाटायची नाही. पुढच्या प्रवेशपरीक्षेचा डोंगर डोक्यावर असतो, खेड्यातला प्रत्येक दिवस त्यांना पुस्तकातून वजा झालेला वाटतो. पण संध्याकाळी परत आलेल्या मुलांची तोंडं वेगळी असायची. एका मुलाने सांगितलं की आशाबेन घरात शिरताच आधी चूल पाहते. चूल थंड असेल तर ती बाळाच्या वजनाबद्दल विचारतच नाही, आधी घरधन्याच्या मजुरीबद्दल विचारते. मुलगा म्हणाला, "मॅडम, मी हिस्टरी घ्यायला साडेचार वर्षं शिकलो. चूल पाहायला कुणी सांगितलं नाही."

सगळ्यात जास्त शिकवलं ते फोनच्या सरावाने. रात्रीचे दोन, उपकेंद्रावरची नर्सबेन डॉक्टरला फोन करते, एवढाच प्रसंग. दोन खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून ठेवायच्या. इंग्रजीत याची एक ठरलेली रीत आहे, अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांमधून इस्पितळांत आलेली. आम्ही तिचे साधे चार प्रश्न केले होते: आत्ता काय दिसतंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. पहिले दोन नर्सबेन झरझर म्हणायच्या. ब्लडप्रेशर इतकं, महिने इतके, पहिलटकरीण. तिसऱ्यावर त्या थांबायच्या. अगदी ठरल्यासारख्या थांबायच्या. वीस वर्षं नोकरी झालेल्या, शेकडो बाळंतपणं केलेल्या बाया "मला वाटतं" एवढं म्हणून पुढे जाऊ शकत नव्हत्या. एकजण म्हणाली, "बेन, मला काय वाटतं हे आजवर कुणी विचारलंच नाही." दुसरी रडायला लागली. समोर डॉक्टरच्या भूमिकेतला इंटर्न मुलगा पाठ करून बसला होता, तो उठून वळला. खेळाचा नियम मोडला त्याने, पण मी काही म्हटलं नाही.

मग आम्ही उलटं करायला लागलो. इंटर्नना नर्सबेनच्या खुर्चीत बसवायचं आणि नर्सबेननी वैतागलेला डॉक्टर व्हायचं. त्या फार हुबेहूब करायच्या. "एटला माटे शुं फोन करवानो?" एवढ्यासाठी काय फोन करायचा? मुलांना घाम फुटायचा. हे वाक्य त्यांनी कुठून उचललं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

आता साधनं पुष्कळ आली आहेत. 2007 पासून गुजरातेत 108 ची रुग्णवाहिका आहे, ट्रॅक्टरवर खाट टाकून आणायची वेळ सहसा येत नाही. 2005 नंतर गावोगावी आशा आल्या. 2018 पासून उपकेंद्रांवर सीएचओ, म्हणजे सामुदायिक आरोग्य अधिकारी, येऊ लागले, त्यातले पुष्कळ नर्सिंग शिकलेले, आणि गावात नर्सला अधिकारी म्हणून स्वतःचं दार मिळालं. बुधवारच्या ममता दिवसाला अंगणवाडीत वजनकाटा, लसी, रक्तदाबाचं यंत्र एका छताखाली येतं. हे सगळं खरंच चांगलं आहे. मी ते नसतानाचे दिवस पाहिलेत.

पण जुनं वाक्य गेलेलं नाही. त्याने कपडे बदललेत. "मने एम के तमने खबर हशे"च्या जागी आता ऐकू येतं: "ॲपमध्ये टाकलं होतं." हिमोग्लोबिन सात, टाकलं होतं. ब्लडप्रेशर, टाकलं होतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटोही टाकला होता, निळी खूण आली होती. नोंद झाली म्हणजे निरोप पोचला, असं मानायची सवय पूर्वी रजिस्टरामुळे लागली होती, आता फोनमुळे पक्की झाली आहे. पदराच्या गाठीतली चिठ्ठीही एक नोंदच होती.

आणि एक गोष्ट मला बोललीच पाहिजे. आशाबेनला आपण टीमचा पाया म्हणतो. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण कागदोपत्री ती स्वयंसेविकाच आहे, आणि तिला पैसे मिळतात ते बहुतांश कामागणिक. कित्येक बैठकांत खुर्च्या संपल्या की ती सतरंजीवर बसते, आणि खुर्च्या नेमक्या तिच्याच वेळी संपतात. अंगणवाडीतली तेडागर बेन, जी घरोघर जाऊन मुलांना बोलावून आणते, ती तर बैठकीला नसतेच. आज कुठल्या घराचं दार उघडलं नाही, हे मात्र तिलाच माहीत असतं. मी जिथे जाईन तिथे सांगत राहिले की तिला बोलवा, खुर्ची द्या आणि तिला आधी बोलू द्या. डॉक्टरने शेवटी बोलावं. डॉक्टर एकदा बोलला की बाकीच्यांकडे फक्त होकार उरतो.

एक सांगायचं राहिलं.

1993 च्या उन्हाळ्यात ती बाई पुन्हा आली. पाचवा महिना होता. मी तिला ओळखलं नाही, हे कबूल करते. रांग होती, अहवाल होता, आणि मी पुन्हा लिहीत होते. सवयी अशा एका घटनेने जात नाहीत. आयाबेन तिला हाताला धरून रांगेच्या पुढे घेऊन आली. रांगेतली माणसं बोलायला लागली, तिने लक्ष दिलं नाही. टेबलाशी येऊन तिने आपला ओला हात, नुकती फरशी पुसून आलेला, सरळ माझ्या रजिस्टरवर ठेवला, मी लिहीत होते त्याच ओळीवर.

"पहेलां आ बेनने जुओ."

मी पाहिलं. कार्डाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. डोकं दुखतं का, अंधारी येते का, विचारलं. लॅबवाल्या भाईंना आवाज दिला, ते नळी घेऊन स्वतः चालत आले आणि उजेडात धरून मला दाखवली. पाण्यासारखी स्वच्छ होती. पुढचे चार महिने ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली, आणि शेवटी शहरात नेऊन तिचं बाळंतपण केलं. मुलगी झाली, सव्वादोन किलोची.

रजिस्टरातल्या त्या ओळीची शाई पसरली होती. महिनाअखेरीला तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पाणी सांडलं. आयाबेन दारात उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी साहेबांना म्हटलं, नाही, थांबा, सांगते, आणि तिला आत बोलावलं.